लग्नाच्या कमळातली पानवेल

माझ्या घरमालकीणबाईंनी जन्मात लग्न केलं नाही, पण लग्नाचं स्टेज मात्र विकत घेतलं. हे मी कुठंही सांगितलं की लोक हसतात आणि मला राग येतो. हसण्यासारखं आहे, मान्य आहे. मी स्वतः पोट धरून हसले होते. पण मी त्यांच्याकडे राहिले आहे, मला तेवढा हक्क आहे. बाकीच्यांनी आधी नीट ऐकून घ्यावं आणि मग काय हसायचं ते हसावं.

अमरावतीला बडनेरा रोडच्या आतल्या एका गल्लीत त्यांचं बैठं घर होतं आणि त्यातल्या मागच्या दोन खोल्या माझ्याकडे होत्या. मी अकोल्याची, ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायला तिकडे गेलेली. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सगळी गल्ली त्यांना ‘सिस्टर’ म्हणायची, मीही म्हणायचे. त्या मला ‘मास्तरीण’ म्हणायच्या, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नोकरी सुटली तरी दवाखाना त्यांच्या अंगातून गेला नव्हता. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. बोलता बोलता समोरच्याचा हात हातात घेऊन नाडी बघायची सवय. दूधवाला, सिलिंडरवाला, मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा, कोणी सुटत नसे. सिलिंडरवाला तर गेटातूनच हात पुढे करायचा. गल्लीत कोणी ‘सिस्टर, माझं आता काही खरं नाही’ असं रडगाणं लावलं की त्या मनगट धरायच्या, घड्याळाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “नाडी हाय ना? मंग कामाले लाग.” एवढीच त्यांची सहानुभूती. मला एकदा मलेरिया झाला तेव्हा याच बाईंनी आठवडाभर माझ्या उशाशी बसून पेज भरवली, पण तोंडानं एक गोड शब्द काढला नाही. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलंच तर म्हणायच्या, “नाइट ड्यूटी होती.”

त्यांचं माहेर अंजनगावकडचं, पानमळेवाल्यांचं. वडिलांचा विड्याच्या पानांचा मळा होता. वऱ्हाडात, जिथं एप्रिलमध्ये डांबर पायाला चिकटतं, तिथं या माणसांनी कित्येक पिढ्या पानवेल जगवली, हे मला भूगोल शिकवूनही माहीत नव्हतं. हादग्याची, शेवरीची दाट झाडं लावायची, चहूबाजूंनी गवताचा आडोसा करायचा, पाटाचं पाणी खेळतं ठेवायचं आणि त्या सावलीत वेल चढवायची. मळा म्हणजे देऊळच. त्याचे नियम देवळापेक्षा कडक. महिन्यातले काही दिवस बायकांनी तिकडे फिरकायचंही नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे लेकीला बेणं द्यायचं नाही. बेणं म्हणजे वेलाचा तो तुकडा, ज्याच्यापासून नवी वेल धरते. लेक दुसऱ्या घरची, तिच्यासोबत बेणं गेलं तर मळ्याची बरकत जाते, असं त्यांच्या घरात मानायचे.

“अन् मी तं कोनाच्याच घरी गेली नाई,” सिस्टर म्हणायच्या. “तरी मले नाई.”

वडील गेल्यावर मळा धाकट्या भावाकडे आला. विहिरीचं पाणी खाली गेलं, वेलीवर रोग आला, आणि भावानं मळा मोडून संत्रा लावायचं ठरवलं. त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्याचं वावर त्यालाच कळतं. सिस्टरना निरोप मिळाला तेव्हा वेली उपटायला सुरुवात झाली होती. त्या मिळेल त्या बसनं गेल्या. सोबत काय नेलं? इंजेक्शनच्या सुया उकळायचा स्टीलचा डबा. बांधावर उपटलेल्या वेलींचा ढीग पडला होता, त्यातून त्यांनी जिवंत वाटणारे तुकडे भावाच्या डोळ्यांदेखत निवडून डब्यात भरले.

भाऊ म्हणाला, “बाई, हे काय करून राहिली? लेकीनं बेनं नेत नसतेत.”

“तू फेकून राहिला, मी उचलून राहिली. उकिरड्यावरचं उचलाले कोनाची परवानगी लागते?”

“ने मंग. अमरावतीच्या उन्हात आठ दिवस नाई टिकत ते.”

हा सगळा संवाद मला त्यांनीच इतक्यांदा ऐकवला की मी तिथं हजर होते असं मला आता वाटतं. डब्यातले बाकीचे तुकडे सुकले. एक तेवढा मोरीजवळच्या ओल्या कोपऱ्यात धरला. त्यांच्या बाबांच्या मळ्यातलं जगाच्या पाठीवर उरलेलं एवढंच. पान लहान, गडद, आणि चावलं की जिभेवर चटका. बाजारात पानवेलीची रोपं मिळतात, कुंडीसकट. मी एकदा तसं सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

विनोद असा की स्वतः सिस्टर पान खात नसत. दात खराब होतात म्हणायच्या.

वेलीला त्या ‘पेशंट’ म्हणायच्या. सकाळी राउंड. थर्मामीटर मातीत खुपसून टेंपरेचर बघायचं, पानं पुसायची, आणि मग मला ‘आज बरं हाय’ किंवा ‘आज तोंड उतरलं’ असं सांगायचं. पहिला हिवाळा पेशंटनं चांगला काढला. पण मोरीजवळचा कोपरा पश्चिमेला उघडा होता, आणि उन्हाळा तोंडावर आला होता. हादगा लावून त्याची सावली पडायला दोन पावसाळे तरी जायला हवेत. सिस्टरकडे तेवढा वेळ नव्हता. म्हणजे वेलीकडे नव्हता. मी त्यांना समजावलं, सिस्टर, अमरावतीचं मे महिन्यातलं तापमान काय, हवेतला ओलावा काय, हे जमायचं नाही. मी वर्गात फळ्यावर काढते तसा आलेख हवेत हातानं काढून दाखवला.

“मास्तरीण, तुहा भूगोल पुस्तकात ठेव,” त्या म्हणाल्या. “नाडी हाय ना?”

त्याच फेब्रुवारीत अकोल्याला माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. सिस्टर घरी एकट्याच राहतील म्हणून मी त्यांनाही ओढून नेलं. आमच्याकडच्या लग्नांत तेव्हा कमळाची फॅशन होती. स्टेजवर लोखंडी पाइपाचं आणि पत्र्याचं माणसापेक्षा उंच कमळ. गुलाबी रंग, सोनेरी कडा, कडेनं बल्ब. पाकळ्या मिटलेल्या असतात आणि आत नवरी उभी. मागं पडद्याआड एक माणूस हँडल फिरवतो, सायकलीसारखी चेन फिरते, पाकळ्या हळूहळू उघडतात, सनई वाजते, धूर सुटतो आणि नवरी प्रकट होते. माझ्या आत्यांना हे बघून रडू येतं.

आमच्या नवरीच्या वेळी पाकळ्या अर्ध्यावर उघडल्या आणि अडकल्या. नवरदेव हार घेऊन उभा, फोटोग्राफर गुडघ्यावर, सनईवाल्यानं तेच तेच परत वाजवलं. पडद्यामागून हँडलवाल्याच्या शिव्या माइकमधून सगळ्या मांडवाला ऐकू आल्या. फटीतून नवरीचं नाक आणि नथ तेवढी दिसत होती. मामा डेकोरेशनवाल्याच्या अंगावर धावले. या सगळ्या गोंधळात सिस्टर उठल्या, दुखऱ्या गुडघ्यानं स्टेजच्या पायऱ्या चढल्या, दोन पाकळ्यांच्या मधून हात घातला आणि नवरीची नाडी बघितली. मला वाटलं, पोरीला काही झालं की काय.

“आत गरम होऊन राहिलं का व?” सिस्टरनी विचारलं.

आतून आवाज आला, “नाही, गार आहे.”

“सावली हाय?”

“हो. पण मला बाहेर काढा ना.”

नवरीला शेवटी मागच्या बाजूनं काढलं आणि हार समोर खुर्च्यांपाशी घातले गेले. माझी मामी अजून त्याबद्दल बोलते. पण सिस्टर तिथून हलल्या नाहीत. कमळाभोवती फिरून पाकळीवर टिचकी मारून पाहत होत्या. डेकोरेशनवाला कपाळाला हात लावून बसला होता. हे धूड आता भंगारात घालतो, पुन्हा कुठल्या लग्नात नेत नाही, असं स्वतःशीच बडबडत होता. सिस्टर त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. जेवणाच्या पंगती बसायच्या आत सौदा झाला, भंगाराच्या भावात, चेन आणि हँडलसकट. बल्ब त्यांनी परत केले.

मी म्हटलं, “सिस्टर, याचं काय करणार?”

“सकाळचं ऊन लागते तंवर उघडं ठेवायचं. दुपारी मिटवायचं. सूर्य डुबला का पुना उघडायचं,” त्या म्हणाल्या. “हादगा हे करू शकते का?”

दुसऱ्या दिवशी टेम्पोत कमळ आडवं घालून, मूर्तिजापुरावरून आम्ही अमरावतीला आलो. ड्रायव्हरच्या शेजारी सिस्टर, त्यांच्या शेजारी मी, आणि मागं दोरखंडानं बांधलेलं ते गुलाबी प्रकरण. वाटेतल्या चहाच्या टपरीवर लोकांनी टेम्पोबरोबर सेल्फी काढल्या. आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा तर विचारूच नका. समोरच्या काकूंनी वरच्या गॅलरीतून विचारलं, “काय सिस्टर, स्टेज आलं, नवरदेव कुठी हाय?”

“मोरीजवळ हाय,” सिस्टर म्हणाल्या. “झोपला हाय. कालवा करू नका.”

वेल्डर बोलावला. कमळाचा खालचा पाट, ज्यावर नवऱ्या उभ्या राहायच्या, तो मधोमध गोल कापला आणि वेल मुळासकट मातीचा गोळा धरून त्या भोकात बसवली. मध्यभागी चढायला पांगऱ्याची फांदी. चेनला ग्रीस. हँडल मागच्या भिंतीकडे, माझ्या खिडकीखाली. मग रोजचा क्रम सुरू झाला: सकाळी कर्रर्र, दुपारी कर्रर्र, संध्याकाळी कर्रर्र. गल्लीतल्या बायका त्या आवाजावर कुकर लावायला लागल्या. काही जणी कमळ दिसलं म्हणून हळदीकुंकू घेऊनही आल्या. सिस्टर म्हणाल्या, “बाहेरच्या पाकळीले लावा. आत हात घालाचा नाई.” आणि चपला काढून यायचं. हा नियम सगळ्यांना. सिलिंडरवाल्याला बूट काढायला लावले तेव्हा तो कुरकुरला.

“मळ्यात चपला घालून जात नाई,” सिस्टर त्याला म्हणाल्या.

मी म्हटलं, “मळा कुठाय हो सिस्टर? एक वेल आहे.”

“एक पेशंट असला तं वार्ड बंद करतेत का?”

मार्च ठीक गेला. पेशंटनं नवी पानं काढली. सिस्टर खूश, म्हणजे आम्हाला नेहमीपेक्षा कमी ओरडायच्या. आणि मग एप्रिल आला.

पत्रा. हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि माझ्याही नाही, ही खरी गंमत. दुपारी पाकळ्या मिटल्या की आत सावली पडायची, पण बाहेरून ऊन खाऊन पत्र्याचा तवा व्हायचा. मी एकदा बोट लावलं आणि फोड आला. मिटलं तर भट्टी, उघडं ठेवलं तर ऊन. कडेची पानं करपायला लागली, मग मधली मलूल झाली. मी अकोल्याला मामेबहिणीला फोन लावला, बाई गं, तू तर आत गार आहे म्हणाली होतीस. ती म्हणाली, “अगं, माझ्या पायाखाली कूलरचा पाइप सोडला होता. डेकोरेशनवाल्यानंच बसवला होता. नवरी घामेजू नये म्हणून.”

हे मी सिस्टरना सांगितलं. मला वाटलं, आता तरी त्या हरतील. मी चहा करून दिला, शेजारी बसले. त्यांनी चहा पिऊन कप खाली ठेवला, कमळाकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

“बाबा गेले तवा म्या पेशंट म्हनून केलं त्याईचं सगळं,” त्या म्हणाल्या. “रडाले येळ नाई भेटला. आता हे एवढंच हाय त्याईचं. अन् हेबी माह्या हातानं गेलं तं भाऊ म्हनन, पाह्य, लेकीनं नेलं अन् मेलं. माह्या बापाचं नाव मोरीत गेलं म्हनन.”

मग मीच त्यांचा हात धरला आणि मनगटावर बोट ठेवलं. नाडी कुठं लागते ते मला सापडलं नाही, पण त्या हसल्या. पदरानं डोळे पुसले आणि उठल्या.

उपाय त्यांना लगेच सुचला: कूलर कसा चालतो? ओल्या ताट्यांवर. मग कमळाला तरट बांधायचं, सगळ्या पाकळ्यांना बाहेरून, आणि तरट सतत ओलं ठेवायचं. धान्य बाजारातून रिकामी पोती आणली, उसवली, सुतळी आणली. पण बांधणार कोण? त्यांचा गुडघा शिडी चढू देईना. मला उंचीची भीती, स्टुलावर चढून पंखा पुसला तरी चक्कर येते. वेल्डर म्हणाला, संध्याकाळी येतो, आणि आलाच नाही. त्या दिवसांत कोणीच कोणाकडे येत नव्हतं, कारण एक तर ऊन आणि दुसरं म्हणजे निवडणूक. गल्लीत सकाळ-संध्याकाळ भोंग्याच्या गाड्या फिरत होत्या. भिंतींवरची नावं, चिन्हं पुसून झाली होती, चौकातल्या पाट्या झाकल्या होत्या. आचारसंहिता.

शनिवारी दुपारी, कॉलेज सुटून मी घरी आले तर गेटासमोर दोन माणसं. निवडणुकीच्या पथकातली. एक तलाठी होते, एक शाळेतले गुरुजी. घामानं निथळत होती बिचारी. कोणीतरी फोनवर तक्रार केली होती की या घराच्या अंगणात एका पक्षाची निशाणी उभी आहे, तीसुद्धा माणसापेक्षा उंच, उघडते आणि मिटते.

मी तडकले. म्हटलं, “अहो, ते लग्नाचं स्टेज आहे. आत झाड आहे. निशाणी कसली? कोणाचं डोकं फिरलंय तक्रार करायला?”

“मॅडम, आमाले मालूम हाय,” गुरुजी म्हणाले. “पन तक्रार आली का झाकाच लागते.” त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि चिकटपट्टी काढली.

तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या. मला वाटलं, आता या दोघांचं काही खरं नाही. पण त्या एवढ्या नम्र झाल्या की मला संशय यायला हवा होता.

“झाका ना,” त्या म्हणाल्या. “कायद्याचं काम हाय. पन कागदानं कसं होईन? मतमोजनीले अजून लय दिवस हायेत. वावटळ आली का कागद उडन, अन् मंग निशानी दिसन, अन् तुमच्यावर येईन. तरट बांधा. पोते उसवून ठेवलेच हायेत. सुतळीबी हाय. शिडी तिकडं हाय. चपला काढून चढा.”

तलाठ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी शिडीकडे पाहिलं. मग दोघंही चढले. आळीपाळीनं. सिस्टर खालून सांगत होत्या, इथं दुहेरी करा, तिथं ताणून बांधा, बांधलेली पाकळी मिटली पाहिजे, गाठ सोडाले सोपी नको. दोघांनाही त्यांनी ताक पाजलं, गुरुजींची नाडी बघितली आणि बीपीची गोळी चुकवत जाऊ नका असं सांगितलं. ऊन उतरेपर्यंत आख्खं कमळ तरटात गुंडाळलं गेलं होतं, आणि एवढं पक्कं, की मजुरी देऊनही आम्हाला ते तसं मिळालं नसतं. पथकानं फोटो काढला आणि गेलं.

सिस्टरनी नळी हातात घेतली आणि तरटावर पाणी सोडलं. ओल्या पोत्यांचा वास सुटला. मी अजून चिडलेलीच होते. म्हटलं, “समोरच्या काकूंनीच फोन केला असणार. त्यांना सवयच आहे.”

“नाई व,” सिस्टर म्हणाल्या. “म्या केला.”

त्यांनी नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून पाणी वरच्या पाकळीपर्यंत उडवलं.

“वेल्डर नाई आला, तू चढत नाई, माह्या गुडघ्यात जीव नाई. सरकार तं हाय ना,” त्या म्हणाल्या. “बत्तीस वर्षं सरकारची ड्यूटी केली म्या. एक दुपार सरकारनं माह्यी केली.”

तो मे आम्ही दोघींनी काढला. कॉलेजला सुट्टी लागली तरी मी अकोल्याला गेले नाही; सकाळी मी तरट भिजवायचे, दिवसभर त्या. नळाला पाणी येत नसे त्या दिवशी धुण्याचं पाणी गाळून वापरलं. स्वतःचा कूलर त्यांनी कोरडा चालवला, पण कमळ कोरडं पडू दिलं नाही. आतला पेशंट कित्येक दिवस जगतोय की जातोय हे कळत नव्हतं. खालची पानं गळून गेली. नुसतं एक हिरवं देठ, फांदीला धरून. सिस्टर दर संध्याकाळी पाकळ्या उघडायच्या, वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, “हाय.” एवढंच. मी त्या एका शब्दासाठी स्वयंपाक टाकून खिडकीशी उभी असायचे, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मतमोजणी झाली. पथकातले तेच गुरुजी झाकण काढायला आले. सिस्टर गेटातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “बांधाले आले तवा आदेश होता. सोडाचा आदेश कुठी हाय?” गुरुजी थोडा वेळ घोटाळले आणि मग ताक पिऊन परत गेले. त्यानंतर ते अधूनमधून यायचे, बीपी तपासून घ्यायला.

मृग लागला, हवा ओली झाली आणि त्या देठाला कोंब फुटले. एकदा फुटायला लागली तशी ती वेल थांबेचना. श्रावणापर्यंत पांगऱ्याची फांदी दिसेनाशी झाली आणि वेल पाकळ्यांवर चढली. तरट कुजून गळालं, त्याच्या जागी पानं आली. पत्रा कुठं दिसेना. पुढच्या उन्हाळ्यात पत्रा तापलाच नाही, कारण त्याच्यावर ऊन पोचत नव्हतं. पाकळ्या मिटवायची गरजच राहिली नाही. सिस्टरनी मोरीच्या बाजूला आणखी दोन फांद्या रोवल्या, मग गेटापर्यंत. गल्लीत कोणाकडे पूजा असली, बारसं असलं, की पानं आमच्या घरून जायची. मोजून नाही, ओंजळीनं.

आणि मग एक दिवस त्यांचा भाऊ आला. मी घरीच होते, पेपर तपासत ओट्यावर बसले होते. माणूस उन्हातान्हात राबणारा, पांढरी टोपी, हातात संत्र्यांची पिशवी. मळा मोडल्यापासून तो या घरी आला नव्हता. सिस्टरनी पाणी दिलं, बस म्हणाल्या नाहीत. तो अंगणात वेलींकडे बघत उभा राहिला. बराच वेळ. मग एक पान तोडलं, चुन्याबिन्याशिवाय तसंच तोंडात टाकलं आणि चावलं. त्याचा चेहरा मी पाहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पानाच्या तिखटानं आलं असं मी तरी म्हणणार नाही.

“बाबाच्या मळ्यातलंच हाय,” तो म्हणाला.

“हाव.”

“बाई, विहिरीले पानी आलं औंदा. शेततळं केलं ना बाजूले.” तो जमिनीकडे बघत बोलत होता. “संत्र्याच्या कडेले थोडीशी जागा ठेवली हाय. तू बेनं देशीन का?”

मी हातातला पेन खाली ठेवला. मला वाटलं, आता सिस्टर हे सगळं बाहेर काढतील, उकिरडा, आठ दिवस, लेकीनं बेणं नेत नसतेत. मी त्यांच्या जागी असते तर काढलंच असतं, आणि चांगलं तासभर काढलं असतं. सिस्टरनी तसं काही केलं नाही. त्यांनी भावाचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं, नाडी मोजली आणि हात सोडला.

“तुले नाई देत,” त्या म्हणाल्या. “पोट्टीले पाठवजो.”

“कोनाले? माह्या पोट्टीले?” भाऊ गोंधळला. “ते तं तेल्हाऱ्याले राह्यते आता. लगन झालं ना तिचं. ते दुसऱ्या घरची.”

“मंग तेल्हाऱ्याले लागन. तिच्या अंगनात.”

“अन् मले?”

“तिची धरली का तिच्याजवळून माग,” सिस्टर म्हणाल्या. “देईन ते. तुह्यीच पोट्टी हाय.”

भावानं टोपी काढून हातात घेतली, परत डोक्यावर ठेवली. मला वाटलं, निघून जातो आता. मग त्यानं खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला आणि तिथंच, अंगणात उभ्या उभ्या, लेकीला लावला.

“हॅलो,” तो म्हणाला. “आत्याकडं ये अमरावतीले. हाव, रविवारी ये. काई नाई झालं, बरी हाय ते. बेनं देऊन राहिली तुले, तुह्या आज्याच्या मळ्याचं.” पलीकडून ती काहीतरी विचारत होती. तो ऐकत राहिला, आणि मग घसा खाकरून म्हणाला, “हाव, तुलेच. येतानी ओलं फडकं आनजो.”